व्हर्च्युअल मशीनचा रस्ता कुठे अडतो?

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरचा खरा संगणक म्हणजे यजमान आणि आतला म्हणजे पाहुणा. आमच्या लॅबमध्ये विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स आहे आणि त्यात पाहुणा म्हणून लिनक्स. आंतर-हाऊस प्रश्नमंजूषेचा प्रोग्राम कॉम्प्युटर क्लबने या पाहुण्यात बसवला. आत तो झकास चालला, पण शेजारच्या एकाही संगणकावर उघडेना. स्पर्धा दोन दिवसांवर आलेली. जो तो म्हणे, "नेटवर्क खराब आहे." पण हे 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं झालं. दुखतं कुठे ते शोधायला आतून बाहेर, एकेक पायरी तपासावी लागते.

१) पत्ता : पाहुण्याला आयपी पत्ता मिळाला आहे का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. आमच्या पाहुण्याचा पत्ता १०.०.२.१५ होता.

२) कान : प्रोग्राम १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर त्याला फक्त स्वतःच्या मशीनची हाक ऐकू येते. सगळ्यांची ऐकायची तर ०.०.०.० लावावे. आमचे हे बरोबर होते.

३) दरवाजा : खरी अडचण इथे होती. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या आपल्या जयपूरला तट आहे आणि चांदपोल, सूरजपोल असे दरवाजे आहेत. समजा, सगळे दरवाजे बंद आहेत. आतून गेलेला निरोप्या उत्तर घेऊन परत येऊ शकतो, पण अनोळखी माणसाला आत प्रवेश नाही. व्हर्च्युअलबॉक्सची नेहमीची 'नॅट' पद्धत अशीच चालते. म्हणून पाहुण्यावर इंटरनेट चालते, तरी बाहेरून त्याच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

उपाय दोन. 'ब्रिज्ड' पद्धतीत पाहुण्याला शाळेच्या नेटवर्कवर स्वतंत्र पत्ता मिळतो. त्यासाठी सरांची परवानगी हवी. 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये एकच दरवाजा उघडतो. आम्ही यजमानाच्या ८०८० पोर्टवर येणारा पाहुण्याच्या ८० वर जाईल, असा नियम लावला.

४) पहारेकरी : आता प्रोग्राम यजमानावर उघडला, शेजारी मात्र नाही. म्हणजे पाहुणा, प्रोग्राम आणि नवा नियम तिन्ही ठीक. अडवणारा त्यांच्या बाहेर आहे. तो निघाला विंडोजचा फायरवॉल. सरांना विचारून त्यात ८०८० ला परवानगी दिली आणि सगळ्या संगणकांवर प्रश्न दिसू लागले.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा; नाहीतर कशाने जमले ते कळत नाही. आणि घाईत फायरवॉल पूर्ण बंद करू नका. एका पाहुण्यासाठी पहाराच उठवणे कोणत्याही कॅडेटला शोभणार नाही!