पीडितेचा वकील काय करतो?

महाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंत्राटी कामगार बाईवर लैंगिक अत्याचार झाला, तर खटला सहसा माणगावच्या सत्र न्यायालयात चालतो. तिथे सरकारी वकील असतोच, पण तो सरकारची बाजू मांडतो. तिची स्वतःची वकील वेगळी.

अशी वकील पहिल्या भेटीत ‘तारीख सांग, वेळ सांग’ असा भडिमार करत नाही. धसक्यात घटनांचा क्रम विस्कटतो, काही तपशील महिन्यांनी आठवतात. म्हणून बाई खोटी ठरत नाही. आपल्याकडे मात्र एवढ्यावरून साक्ष झोडपायची खोड जुनीच. शहाणी वकील कोर्टाची खोली आधी दाखवते, आरोपी कुठे बसेल ते सांगते आणि पडदा लावण्याचा अर्ज वेळेत देते. पूर्वीच्या लैंगिक संबंधांवरून चारित्र्य काढायला कायद्याने मनाई आहे. तसा प्रश्न आला की ती सरकारी वकिलामार्फत हरकत घेते. बालकाच्या खटल्यात तर बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार वकिलांचे प्रश्न न्यायाधीशच विचारतात.

महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी अशा साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश दिले.

पैशांची अडचण कायद्याने ठेवलेली नाही. 1987च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा, आणि वकील बाईच हवी असेल तर तसे स्पष्ट सांगा.