तारांत बांधावे की आज्ञांत लिहावे?

तयार कपडे मिळत असले तरी काही जणांना मापाने शिवूनच घ्यावे लागतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रांचेही तसेच आहे. रेडिओ किंवा घड्याळ तयार मिळते. पण एखाद्या कारखान्याचे काम इतके वेगळे असते की, त्यासाठी यंत्र मुद्दाम बनवून घ्यावे लागते. असे यंत्र आखणाऱ्या अभियंत्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो: यंत्राचे काम परिपथाच्या जोडणीत बांधून टाकायचे, की आज्ञावलीत लिहायचे?

यातला फरक समजून घेऊ. जिन्यातील दिवा वरच्या व खालच्या अशा दोन्ही बटणांनी लावता-विझवता येतो. हा नियम कोठेही लिहिलेला नसतो. तो तारांच्या जोडणीतच असतो. नियम बदलायचा झाला तर तारा काढून पुन्हा जोडाव्या लागतात. याउलट, नियम एका स्मृतीत आज्ञांच्या रूपाने साठवले आणि त्या आज्ञा एकामागून एक वाचून पाळणारा परिपथ बनवला, तर केवळ आज्ञा बदलून काम बदलता येते.

१९६९ साली नेमका हाच प्रश्न पुढे आला. बिझिकॉम या जपानी कंपनीला आपल्या गणकयंत्रांसाठी खास चिप्स हव्या होत्या. त्यांचा आराखडा घेऊन मासातोशी शिमा हे अभियंते अमेरिकेतील इंटेल या, जेमतेम वर्षभराच्या कंपनीत गेले. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या गुंतागुंतीच्या चिप्स, अशी मूळ योजना होती. इंटेलचे टेड हॉफ यांना ती फार खर्चाची वाटली. त्यांनी सुचवले, की साध्या आज्ञा पाळणारी एकच सर्वसाधारण चिप बनवावी आणि गणकयंत्राचे सारे वर्तन आज्ञावलीत लिहावे. स्टॅन मेझर यांनी या कल्पनेला आकार देण्यास मदत केली. १९७० मध्ये आलेल्या फेडेरिको फॅजिन यांनी शिमांच्या साहाय्याने ती चिपवर उतरवली.

हीच ४००४ ही चिप. नखाएवढ्या सिलिकॉनवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर! तिच्या जोडीला कायम स्मृती, तात्पुरती स्मृती आणि जोडणीसाठी अशा आणखी तीन प्रकारच्या चिप्स होत्या.

पण आज्ञा एकेक करून पाळायच्या, म्हणजे काम मंदावणार नाही का? मंदावते. परंतु हिशेब करून पाहा. ४००४ ला एक साधी आज्ञा पाळण्यास सुमारे ११ मायक्रोसेकंद लागत. बोटाने कळ दाबण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तर तेवढ्या वेळात नऊ हजारांवर आज्ञा पार पडतात. माणसाच्या बोटापुढे हा वेग भरपूर होता.

लाभ तर लगेच दिसला. बिझिकॉमच्या गणकयंत्रात वर्गमूळ काढण्याची सोय हवी असेल, तर कायम स्मृतीची एक जादा चिप बसवली की झाले! पुढे इंटेलने बिझिकॉमला किमतीत सवलत दिली व बदल्यात ही चिप इतर कामांसाठी विकण्याचा हक्क मिळवला. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती सर्वांसाठी बाजारात आली. एका गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेला कपडा असा सर्वांच्या अंगी बसला.

मग सगळेच आज्ञावलीत लिहावे का? नाही. गावच्या दूध संकलन केंद्रावरचे यंत्र पाहा. वजन घेणारा आणि फॅट मोजणारा भाग प्रत्यक्ष वस्तूच असावी लागते. आज्ञावली दूध तोलू शकत नाही. दरपत्रक मात्र वारंवार बदलते, म्हणून ते स्मृतीत ठेवणेच शहाणपणाचे. तसेच जेथे कमालीचा वेग हवा, किंवा एकच काम करणाऱ्या लाखो चिप्स खपणार असतात, तेथे आजही काम परिपथात बांधणे परवडते.

आज्ञा बदलणे सोपे, तशी त्यांत चूक शिरणेही सोपे. समजा, दर काढताना एका आज्ञेने लिटरमागे १० पैसे कमी धरले. रोज १० लिटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षाला ३६५ रुपये बुडतील, आणि यंत्र तर ठणठणीत चालत राहील! म्हणून यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी हाताने केलेल्या हिशेबाशी त्याची उत्तरे ताडून पाहणे हेही अभियंत्याचेच काम आहे.

आता तुम्ही एक आराखडा करून पाहा. शाळेची घंटा आपोआप वाजवायची आहे. शनिवारी शाळा सकाळची असते आणि परीक्षेच्या दिवसांत वेळा बदलतात. यातले काय तारांत बांधाल आणि काय आज्ञांत लिहाल?