दोन तासांची शाळा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला वसईच्या किल्ल्यात दोन मुलं फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये उकिडवी बसून फरशीवरची पोर्तुगीज अक्षरं वहीत उतरवून घेत होती. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. ऐन शाळेची वेळ, पण अंगावर गणवेश नाही, पाठीवर दप्तर नाही. आई जरा लांब, सावलीत बसलेली. थडग्यावरच्या शिळेतलं एक अक्षर झिजलं होतं. ते कोणतं, यावर दोघांची जुंपली होती आणि आई मध्ये पडत नव्हती. तिचं ते मध्ये न पडणं माझ्या मनात राहिलं. ओळख झाली, आणि नाताळापर्यंत मी त्यांच्या घरी जात राहिले.

घर वसईच्या पश्चिमेला, वाडीतलं. मागे विहीर, केळी, नारळ. आजी नातवंडांशी कादोडी या इथल्या बोलीत बोलते, आई मराठीत. थोरली दुसरीत असताना रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायची. रविवारी कधीच दुखायचं नाही. वर्गात साठ मुलं होती आणि शाळेकडे या पोटदुखीवर उत्तर नव्हतं. आई स्वतः शिक्षिका. तिने नोकरी सोडली आणि मुलीला घरी आणलं. धाकटा तर शाळेत गेलाच नाही.

“अभ्यास किती वेळ चालतो?” मी विचारलं. हा प्रश्न तिला येणारे-जाणारे सगळेच विचारतात.

“दोन तास,” ती म्हणाली. “टेबलाशी बसून रोज दोन तास. त्यापुढे मी बसवत नाही.”

गणित आणि भाषा या दोन तासांत होतात. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याही घरातला अभ्यास दिसतो तसाच दिसतो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की या घरात ख्रिस्तजन्माच्या गोठ्याची तयारी सुरू होते. गोठ्याभोवती हिरवं शेत हवं, म्हणून ताटलीत माती पसरून नाचणी पेरतात. यंदा धाकट्याने दोन ताटल्या पेरल्या. एक खिडकीत ठेवली, दुसरी कपाटात, दार लावून. वहीत त्याने आधीच लिहून टाकलं होतं: ‘अंधारातली उगवणार नाही.’ उगवली. नुसती उगवली नाही, खिडकीतल्या नाचणीच्या पुढे गेली. मी गेले तेव्हा तो पट्टी घेऊन कपाटासमोर बसला होता. कोंब लांबसडक, फिकट पिवळे, एकमेकांवर कललेले. त्याने एक कोंब बोटाने उभा केला, सोडला. तो परत आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा.

“हे चुकीचं आहे,” तो रागाने म्हणाला.

“काय चुकलंय?” आईने विचारलं. ती कांदा चिरत होती. हात थांबला नाही.

“अंधारातली मोठी कशी होईल?”

तिला उत्तर माहीत होतं. दाण्यात साठवलेलं अन्न रोप अंधारात उंच होण्यावर खर्चून टाकतं, उजेड गाठण्यासाठी. हिरवेपणा आणि खोडाचा ताठपणा उजेड मिळाल्यावर येतो. एका वाक्यात सांगता आलं असतं. माझ्या तर अगदी ओठांवर आलं होतं. ती एवढंच म्हणाली, “दिसतंय ते लिहून ठेव.” त्याने लिहिलं: ‘उंच आहे पण उभी राहत नाही.’ नंतर त्यानेच कपाटातली ताटली खिडकीत आणून ठेवली आणि ती हिरवी होत गेली, तशी रोजची नोंद केली. शिकवणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या कांदा चिरणाऱ्या हातांकडे बोट दाखवीन.

किल्ल्यावर ते पुन्हा पुन्हा जातात. घरापासून जवळ, आणि प्रश्न संपत नाहीत. गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. दोन्ही तह डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांतले, हे थोरलीने शोधलं आणि भिंतीवरच्या तिच्या लांबलचक कागदी पट्टीवर मांडलं. मधे १७३९ चा मे महिना लाल शाईने लिहिलेला: चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला.

हे सांगून झालं आणि धाकट्याने विचारलं, “मग आपण कोणाच्या बाजूचे होतो?”

मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या मुलाचा हा प्रश्न. पूर्वजांना बाप्तिस्मा मिळाला पोर्तुगीज अमलात, भाषा मात्र इथल्या मातीचीच राहिली. आई गप्प झाली. मग म्हणाली, “मला नीट माहीत नाही. आजीला विचारू, मग वाचू.” तासिकेची घंटा होणार नव्हती, म्हणून त्या प्रश्नाला पूर्ण दुपार मिळाली. साठ मुलांच्या वर्गात तो विचारलाच गेला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

मुलांना सोबत मिळते का, ही लोकांची काळजी मला या घरात खरी वाटली नाही. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आहे, संध्याकाळी मैदान आहे, आणि डिसेंबरात गाण्यांचा सराव करायला अंगणात इतकी मुलं जमतात की आजी चपला ओळीत लावायला ओरडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेचा विचार आहे, घरच्या शिक्षणाचा उल्लेख नाही. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देता येते. थोरलीचं तसंच ठरलं आहे.

मला काळजी वाटते ती आईची. दोन तास म्हणते ती, पण ते दोन तास मुलांचे. तिचा दिवस मोजायचा तर ताटली कपाटात राहू देण्याचा धीर मोजावा लागेल, किल्ल्यातलं सावलीत बसणं मोजावं लागेल, रात्री मुलं निजल्यावर उद्यासाठी वाचून ठेवणंही. याला ना पगार, ना रजा, ना बदली शिक्षक. तापाने फणफणली तरी शाळा तिच्याच उशाशी भरते. घरशिक्षणाची मी बाजू घेते. पण ते ‘आईवडील’ करतात असं सहज म्हटलं जातं, तिथे मी अडते. मी पाहिलं त्यात आई करत होती.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात कुलकुल करायला सगळे बसले. रवा-मैद्याचं, नारळाच्या दुधात मळलेलं पीठ. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि हलक्या हाताने गुंडाळायची, म्हणजे रेघांची शिंपली तयार होते. आजीच्या हातून त्या पटापट पडत होत्या. तळणीचा गोडसर, खोबरेल वास घरभर. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला होता त्या घरांची यादी थोरली करत होती आणि कोणाच्या ताटात किती, याचा हिशेब धाकटा.

तेव्हाच विषय निघाला. आईला जूनपासून आठवड्यातले तीन दिवस शिकवण्याचं काम मिळतंय. “मग काय झालं?” आजी म्हणाली. “दोन तासच ना? मी बसते.” आई हसली आणि मग बाकीचं सांगू लागली: किल्ला, नाचणी, घंटा, संध्याकाळचे प्रश्न, रात्रीचं वाचन. नवरा मुंबईला नोकरीला. सकाळच्या लोकलने जातो, अंधार पडल्यावर येतो. तो कढईपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. सोमवारी त्याने साहेबांना विचारलं: रविवार सुटीचा राहू दे, पण शनिवारऐवजी बुधवारी घरी राहता येईल का? होकार अजून आलेला नाही. थोरलीने मात्र जूनच्या वेळापत्रकात बुधवारच्या रकान्यात ‘पप्पा’ लिहून टाकलं आहे.