वेगाने येणारा रक्तदाब आणि अधिवृक्क ग्रंथी

कर्जत व खालापूर तालुक्यांतील वैद्यांस उच्चरक्तदाबाचा रुग्ण नवा नाही. बहुतेकांत त्याचे एक निश्चित कारण हाती लागत नाही. काही थोड्यांत मात्र व्याधीचे मूळ वृक्काच्या शिरावरील, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथीत असते.

या ग्रंथीच्या मज्जाभागात होणारे अर्बुद म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. ते अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन रक्तात सोडते. शिरःशूल, अतिस्वेद आणि हृद्द्रव ही तीन लक्षणे वेगाने येतात. त्या वेळी वरचा दाब २०० च्याही पुढे जाऊ शकतो. आडवाडीवरचा रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तोवर वेग ओसरलेला असतो, दाब प्राकृत दिसतो आणि आपण वातप्रकोप वा चिंता असे निदान लिहून मोकळे होतो. इकडे हृदयाची भित्ती जाड होते, पेशी दुबळ्या होतात, गती बिघडते. कधी तर हृदयविकाराच्या झटक्यासारखाच आलेख निघतो.

जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला विकार याहून बराच अधिक आढळतो. त्यात ग्रंथीच्या बाह्यभागातून अल्डोस्टेरॉन अधिक स्रवते. सोडियम साठते, पोटॅशियम मूत्रावाटे जाते. स्नायुदौर्बल्य येते, नाडी अनियमित होते.

येथे औषधविक्रेत्यांनीही लक्ष द्यावे. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिनमुळे, दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास, नेमके हेच चित्र अर्बुद नसतानाही उभे राहते. कासासाठी महिनोन्महिने चूर्ण नेणाऱ्या ग्राहकास रक्तदाब आहे का, हे विचारावयास हवे. श्वासासाठी दिल्या जाणाऱ्या सोमलतेतील इफेड्रिन फिओक्रोमोसायटोमात वेग उत्पन्न करू शकते. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला, याचा अभिमान आपणा सर्वांस आहेच. परंतु या अर्बुदाची शंका असता ती टाळावी. तिच्यामुळे तपासणीचे आकडेही फसवे येतात.

तरुण वयातील रक्तदाब, तीन औषधांनाही न जुमानणारा रक्तदाब किंवा वरील त्रिकूट दिसल्यास उदर जोराने चेपून पाहू नये. चोवीस तासांच्या मूत्रातील मेटानेफ्रिन, रक्तातील पोटॅशियम, अल्डोस्टेरॉन व रेनिन ही परीक्षणे सुचवावीत. परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. फिओक्रोमोसायटोमात शस्त्रकर्मापूर्वी सुमारे दोन आठवडे अल्फा-रोधक औषध देतात. त्याआधी केवळ बीटा-रोधक देणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून धडधडीवर चालू असलेली गोळी कोणती, हे आपल्या चिठ्ठीत चूर्ण-काढ्यांच्या नावांसह लिहून रुग्णाबरोबर द्यावे.