दाणा, कडबा आणि हातात घ्यायचा रेणू

अणदूरच्या शिवारात ज्वारीच्या एकाच ताटावर माणूस आणि जनावर दोघांचंही पोट भरतं. दाणा आपण खातो, कडबा गुरं खातात. दाण्यातलं पिष्ट आणि कडब्यातलं सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. मग कडबा आपल्याला का पचत नाही? पुस्तकात याचं उत्तर ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ या दोन शब्दांत आणि सपाट षटकोनांत उरकलेलं असतं, आणि मुलं ते पाठ करतात. पण हा फरक लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही अंगांनी असलेल्या जागेतला आहे. तो खरा कळायचा तर गावातल्या जवाहर महाविद्यालयापासून मुंबई-पुण्यापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यानं रेणू स्वतःच्या हातानं जोडायला हवा. ग्लुकोजच्या एका रेणूत 24 अणू असतात: कार्बनचे 6 काळे गोळे, हायड्रोजनचे 12 पांढरे, ऑक्सिजनचे 6 लाल. असे दोन रेणू जोडताना दोन पांढरे आणि एक लाल गोळा काढून ठेवावा लागतो. तोच बाहेर पडलेला पाण्याचा रेणू. पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन कड्याच्या खालच्या अंगाला असेल तर साखळी वळत जाते; हा पिष्टातला ‘अल्फा’ जोड. वरच्या अंगाला असेल तर पुढचा प्रत्येक ग्लुकोज उलटा बसतो, साखळी सरळ राहते आणि अशा साखळ्या एकमेकींना धरून चिवट तंतू बनतो; हा सेल्युलोजमधला ‘बीटा’ जोड. एका जोडाचा दुसरा करायला नुसतं फिरवून भागत नाही, बंधाची काडी उपसावीच लागते. आपल्या लाळेतलं अमायलेज पहिलाच जोड तोडू शकतं. दुसरा तोडण्याचं काम गुरांच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव करतात.

गोळे आणि काड्यांमुळे चुकीचं चित्र मनात बसतं, हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी 1865 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोकेच्या चेंडूंचे रेणू मांडले, तेव्हा त्यांचा कार्बन सपाटच होता; चतुष्फलकी कार्बनची कल्पना व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी 1874 मध्ये मांडली. पण प्रतिकृती तपासून पाहता येते, हाच तिचा गुण. सपाट कार्बनला दोन क्लोरीन आणि दोन हायड्रोजन लावले तर क्लोरीन शेजारी किंवा समोरासमोर, अशी दोन संयुगं व्हायला हवीत. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे. चतुष्फलकावर कसंही लावा, एकच रचना मिळते. सपाट कार्बन का टिकला नाही, हे विद्यार्थ्याला तासाभरात स्वतः पडताळता येतं.

खर्चाची अडचण मला फारशी पटत नाही. एकेकाळी पुण्यात टेल्कोत अभियंता असलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे घनाकार उभे करून दाखवले. रेणूसाठीही शाडूच्या गोळ्या, खराट्याच्या काड्या आणि चतुष्फलकाचा 109.5 अंशांचा कोन कापलेला एक पुठ्ठा पुरतो. मोबाइलवर रेणू फिरवता येतोच की, असं म्हणणाऱ्यांचं एका बाबतीत खरं आहे: हिमोग्लोबिनमध्ये नऊ हजारांहून अधिक अणू असतात, तिथे पडद्याला पर्याय नाही. मात्र पडद्यावरचा रेणू आयता जोडलेला येतो. कुठला बंध तोडावा लागला, हे बोटांना कळत नाही. म्हणून आधी ग्लुकोजची जोडी हातानं, मग हिमोग्लोबिन पडद्यावर, हा क्रम मला योग्य वाटतो; आणि प्रात्यक्षिक परीक्षेत एक रेणू जोडून दाखवायला गुण ठेवले, तर त्यासाठी वर्गात वेळही निघेल.