धागा कुणाच्या पोटात जातो?

नृसिंहवाडीला गेलात की घाटाच्या पायऱ्या उतरताच ना? तिथे पंचगंगा येऊन कृष्णेला मिळते. पावसाळ्यात नदी थेट देवळात शिरते, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. हाच तो दक्षिणद्वार सोहळा!

पूर ओसरला की नदीकाठच्या झुडपांना चिंध्या अडकलेल्या दिसतात. त्यातली सुती चिंधी गाळात रुतली, तर काही महिन्यांत विरून जाते. शेजारची पॉलिस्टरची? ती तुम्ही आजी-आजोबा व्हाल तेव्हाही असेल!

असं का? कापूस म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या कणांची लांबलचक माळ. मातीतले जिवाणू आणि बुरशी कोट्यवधी वर्षं पालापाचोळा खात आले आहेत. त्यांची विकरं ती माळ तोडतात आणि सुटी झालेली साखर ते शोषून घेतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजू लागले. खाणारी कोण निघाली? ट्रायकोडर्मा रीसाय नावाची बुरशी! तिच्याच भावकीतली ट्रायकोडर्मा आपले शेतकरी पाचट कुजवायला वापरतात.

पॉलिस्टर मात्र पेट प्लास्टिकचं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच भावंड. त्याचा शोध लागला १९४१ साली. एवढ्या नव्या पदार्थाची मातीतल्या जिवांना अजून सवयच नाही. ते त्याच्यावर वस्ती करतात, पण बहुतेकांना तो पचत नाही.

एकाला मात्र पचतो! जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याजवळ एक जिवाणू सापडला. २०१६ साली जगाला त्याची ओळख झाली: आयडिओनेला साकायेन्सिस. पेटचा पातळ पापुद्रा त्याने सुमारे ६ आठवड्यांत फस्त केला. बाटली आणि धागा यांची वीण जास्त घट्ट, ती त्याला जड जाते. म्हणून तो आपली नदी साफ करील, या भरवशावर राहू नका.

वाडीच्या वरच्या अंगाला, पंचगंगेच्याच खोऱ्यात, इचलकरंजी आहे. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. आज तिथल्या मागांवर सूतही चढतं आणि पॉलिस्टरही. पॉलिस्टरचा कपडा धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदीपर्यंत पोहोचू शकतात. माझं मत विचाराल, तर रोजच्या वापराला सुतीच बरं.

आता तुम्हीच करून बघा. एका कुंडीत सुती आणि पॉलिस्टरची, अशा दोन चिंध्या पुरा. माती ओलसर ठेवा. दोन महिन्यांनी उकरा, हात स्वच्छ धुवा आणि काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा!