आतून लागणारी कडी

पहिल्या ठिकाणी खोलीत शिरल्यावर आत्याने खिडकी पाहिली नाही, पलंगही पाहिला नाही. वॉकर टेकत ती वळली आणि दाराच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला.

"कडी कुठंय?"

"आजी, सुरक्षिततेसाठी आम्ही आतून कड्या ठेवत नाही," व्यवस्थापकांनी समजावलं. आत्या काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "इथे नको रे."

मी घरून कागदावर प्रश्न लिहून आणले होते : डॉक्टर किती वेळा येतात, ॲम्ब्युलन्स आहे का, पथ्याचं जेवण मिळतं का. प्रश्न चुकीचे नव्हते, पण ते सगळे माझ्या काळजीतून आले होते. आत्याचा एकच प्रश्न होता आणि तो तिच्या जगण्यातून आला होता.

आत्याला मूलबाळ नाही. न्हाणीघरात पडून खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, ती चालायलाही लागली. पण अंघोळीला आणि कपडे बदलायला हात लागतोच. तिला दवाखान्याची गरज नाही आणि एकटं राहणंही शक्य नाही. या दोहोंच्या मधल्या जागेला इंग्रजीत असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. मराठीत 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. त्यामुळे निम्मी घरं हा विषयच काढत नाहीत आणि मग आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून दोन दिवसांत जागा शोधतात.

माणसाला नेमकी किती मदत लागते, हे मोजायची पद्धतही मोडलेल्या खुब्यांतूनच आली. अमेरिकेत क्लीव्हलँड इथे सिडनी कॅट्झ हे डॉक्टर खुबा मोडलेल्या वृद्धांचा अभ्यास करत होते. 1963 साली त्यांनी सहा कामांचं मोजमाप प्रसिद्ध केलं : अंघोळ करणं, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा असणं आणि हाताने जेवणं. आजही चांगल्या संस्थेत प्रवेशाआधी यासारखीच विचारपूस होते. मदत किती आणि महिन्याचे पैसे किती, हे त्यावरून ठरतं. जिथे हे न विचारताच खोली दाखवतात, तिथे मी दुसऱ्यांदा गेलो नाही.

असिस्टेड लिव्हिंगच्या कल्पनेच्या मुळाशी एक आई आहे. केरेन ब्राउन विल्सन एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि तिला नर्सिंग होममध्ये राहावं लागलं. तिला हवं होतं ते साधंच : स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी, स्वतःच्या वस्तू आणि स्वतःचं दार. विल्सन यांनी 1983 मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये 'पार्क प्लेस' उभारलं. 112 घरं, प्रत्येकाला आतून बंद होणारं दार, मदतीला बोलवायचं बटण आणि चोवीस तास माणसं. म्हातारी माणसं अशी मोकळी सोडली तर धोका होईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. राज्य सरकारने तिथे राहणाऱ्यांवर लक्ष ठेवलं. 1988 साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा त्यांचं समाधान वाढलेलं होतं, प्रकृती टिकून होती आणि सरकारी मदतीवर राहणाऱ्यांचा खर्च नर्सिंग होमपेक्षा वीस टक्के कमी होता.

ही हकीकत सर्वदूर पोहोचवली ती डॉ. अतुल गावंडे यांनी, 2014 च्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकातून. त्यांचं मूळ घराणं विदर्भातल्या उटी गावचं. आजोबा सीताराम गावंडे जवळजवळ एकशेदहा वर्षं जगले. रोजच्या कामांपैकी काही त्यांना मदतीशिवाय जमत नसत, तरी ते रात्री घोड्यावरून शेताची फेरी मारत. घरच्यांनी त्यांना अडवलं नाही. फक्त लहान चणीचं घोडं आणून दिलं. या घोड्यावर माझा फार जीव आहे. पण त्या घरात हाताशी माणसं होती, आणि आपल्याकडे असे हात बहुतेक वेळा सुनांचे असत. त्यांना कुणी विचारत नसे. ते घर परत आणावं असं मी म्हणणार नाही. ते लहान घोडं मात्र आपल्या नव्या संस्थांत हवं आहे.

पुण्यात आम्ही एकूण सहा ठिकाणं पाहिली. सकाळी अकराला सगळीच चकचकीत दिसतात, म्हणून नंतर आम्ही रात्री साडेआठला जाऊ लागलो. तेव्हा कळतं, एका मावशीकडे किती खोल्या आहेत, बेल वाजल्यावर किती वेळाने कुणी येतं, आणि सातलाच सगळ्यांना जेवू घालून दिवे मालवलेत का. एका ठिकाणी आम्ही बसलो असताना बेल वाजतच राहिली. शेवटी आत्यानेच वॉकर उचलला आणि ती त्या खोलीशी गेली. आतल्या बाईंना फक्त पाणी हवं होतं.

मावशी किती दिवस टिकतात, हे मावशींनाच विचारावं. दर दोन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर आत्याला पुन्हा पुन्हा नव्या परक्या हातांपुढे कपडे उतरवावे लागणार. माहितीपत्रकात हे कुठेच नसतं.

इमारतीपुरता आता थोडा आधार आहे. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आखले : दार किमान 90 सेंटीमीटर रुंद, न्हाणीत धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरश्या, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट. पण हे विकत घ्यायच्या घरांसाठी. महिन्याच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेत आपला करारच आपला वाली. त्यात मी तीन गोष्टी बोट ठेवून वाचल्या : अनामत कधी आणि किती परत मिळणार, महिन्याची रक्कम वर्षाला कितीने वाढणार, आणि उद्या विस्मरण वाढलं किंवा माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार की घेऊन जा म्हणणार. तिसऱ्या प्रश्नावर दोन ठिकाणी नुसतं "बघू" असं उत्तर आलं.

विस्मरण वाढलेल्या माणसासाठी कडीचा हिशेब वेगळा होतो, हे मला मान्य आहे. पण आत्याचं डोकं शाबूत आहे. आणि ज्याचं नाही, त्यालाही न्हाणीचा पडदा हवाच असतो.

सहाव्या ठिकाणी मदतनीस मुलीने "आजी" म्हणताच आत्याने तिला थांबवलं. "बत्तीस वर्षं शाळेत मला बाई म्हणायचे. तूही बाईच म्हण." मुलगी हसली आणि तिने वहीत तसं लिहून घेतलं. दाराला आतून कडी होती, पण बाहेरून किल्लीने उघडता येईल अशी. आत्याने मला बाहेर उभं केलं, कडी लावली आणि किल्ली फिरवायला सांगितली. दार उघडलं. तिने पुन्हा कडी लावली. या वेळी मला काही सांगितलं नाही. बराच वेळ आतून वॉकर सरकल्याचा, मग खिडकी उघडल्याचा आवाज येत राहिला. मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून होतो. मग आतूनच तिचा आवाज आला, "इथे चहा किती वाजता असतो, विचार रे त्यांना."